विरीच्या पट्ट्या

पोफळीची विरी झाडावरून आपणहून गळून पडलेली असावी लागते. झावळीच्या देठाकडचा तो रुंद, चामड्यासारखा भाग ओढून काढला तर कडेनं चिरतो, आणि फार दिवस मातीत राहिला तर बुरशीनं काळा पडतो. पडल्या दिवशीच विरी उचलायची, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यात दोन तास बुडवायची, मऊ झाली की हव्या त्या मापानं कापायची आणि वर दगड ठेवून सावलीत वाळवायची. मग ती फळीसारखी सरळ राहते आणि अंगाला टोचत नाही. गिरीज गावच्या रॉबर्ट तुस्कानोला हे कुणी शिकवलं नव्हतं. मुलगी झाली आणि तो शिकला.

मुलीचं नाव नेहल. माणसाच्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, नेहलच्या दोन्ही हातांत एकेकच होतं. त्यामुळे कोपराखालचा हात आखूड आणि दोन्ही पंजे जन्मापासून आतल्या बाजूला काटकोनात वळलेले. अंगठे नव्हतेच. चार बोटांतली पहिली दोन ताठ, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असं काही चलाख की त्या दोघांत धरून ती मोगऱ्याच्या कळ्या खुडायची, पेन्सिल धरायची, आजीच्या सुईत दोरासुद्धा ओवायची. गावातली पोरं तिला खेकडा म्हणत. पोरांना बोलून उपयोग नव्हता, कारण त्यांच्या आया तेच घरात जरा हळू आवाजात म्हणत.

संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपली की रॉबर्ट पट्ट्या काढून बसायचा. नेहल त्याच्यासमोर पाय पसरून बसायची आणि हात पुढे करायची. काखेपासून बोटांच्या टोकांपर्यंत खालून एक पट्टी, वरून एक पट्टी, आणि त्यावर आल्बिनाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्या. गाठ घट्ट पण कातडीवर येणार नाही अशी. सकाळी सोडलं की पंजे अर्धा तास बरेचसे सरळ राहत. तेवढा अर्धा तास रॉबर्ट तिच्या हातांकडे बघत चहा प्यायचा. नाश्ता होईतो ते पुन्हा वळलेले असत. आठ वर्षांत त्यानं एक दिवस चुकवला नव्हता. तापानं फणफणला होता तेव्हासुद्धा उठून बांधून परत आडवा झाला होता.

नेहल जन्मली तेव्हा मुंबईच्या हॉस्पिटलात तिचं हृदय, मूत्रपिंडं, रक्त सगळं तपासलं होतं. सगळं ठीक निघालं. मग दर आठवड्याला प्लास्टर. चौथ्या प्लास्टरखाली कातडी सोलली, त्याच दिवसांत रॉबर्टचा बाप गेला, आणि वाडीतल्या कामाला एकटा रॉबर्ट उरला. तेव्हा तो रोवेनाला, बायकोला, म्हणाला होता, "हे तर आपन रोजच करतो. केळ कलली की टेकू देतो, पानवेल घसरला की बांधतो. त्यासाठी मुंबईला कशाला जायचं?" त्याच्या वाडीत एक झाड वाकडं नव्हतं, हे खरं होतं. बोलणाऱ्याला त्याचा अभिमान होता आणि ऐकणारीला तो आवडायचा.

त्या वर्षी जानेवारीत प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीचे वर्ग सुरू झाले. सिस्टरनी मुलांना दाखवलं, उजव्या तळहातावर डावा तळहात ठेवायचा, फादर प्रसाद ठेवतील, मग उजव्या हातानं उचलून तोंडात घालायचा. नेहलनं विचारलं, "सिस्टर, मी कशी घेऊ?" सिस्टर म्हणाल्या, "तू तोंड उघड बाळा, फादर थेट जिभेवर देतील." सिस्टरच्या मनात वाईट काही नव्हतं. पण नेहलनं घरी येऊन हे जेवताना सांगितलं आणि रॉबर्टचा घास ताटातच राहिला.

"आता हाताचं बघूनच टाकायचं," तो म्हणाला. "मनगट मी मऊ ठेवलंय. उरलेलं ऑपरेशननं सरळ होईल."

आल्बिना कोपऱ्यातून म्हणाली, "गिऱ्हानात भाजी चिरू नको म्हनून सांगितलेलं मी. तेव्हा कोन ऐकतं."

रोवेनानं मान वर केली नाही. आठ वर्षांत हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की त्या ग्रहणाच्या दिवशी आपण खरंच भाजी चिरली होती की नाही, हेही तिला आता सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत ते पहाटे भाजीच्या टेम्पोतून मुंबईला निघाले. पुढच्या सीटवर तिघं, नेहल मध्ये. रॉबर्टच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. रोवेनानं दोनदा विचारलं काय आहे, तर म्हणाला, "डॉक्टरला दाखवायचंय."

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या. त्यांनी आधी हाताला हातच लावला नाही. नेहलला म्हणाल्या, "सँडल काढ बघू." नेहलनं पाय वर घेतला आणि दोन बोटांनी पट्टा सोडवला. "डबा उघड." उघडला. "नाकाला खाज आली तर काय करतेस?" नेहल हसली. खांदा वर केला, मान थोडी खाली आणली, आणि वळलेला पंजा अलगद नाकावर आला.

"शाब्बास," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग एक्स-रे पाहून त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं, हळूहळू सरळ केलं. झालं. दुसरं केलं. तेही झालं. त्यांनी चष्मा वर केला. "इतकं मऊ मनगट मला या वयात सहसा बघायला मिळत नाही. कुणी मेहनत घेतलीय?"

आठ वर्षांत रॉबर्टला असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं पिशवी उघडली आणि टेबलावर एकेक पट्टी मांडायला लागला. पहिली वीतभराची, नेहल दोन महिन्यांची होती तेव्हाची. मग त्याहून बोटभर मोठी. मग त्याहून मोठी. मुलगी वाढेल तशी त्यानं नवी कापली होती आणि जुनी एकही टाकली नव्हती. चौदा पट्ट्या मांडून झाल्या तेव्हा टेबलावर कागदाला जागा उरली नाही. "विरीच्या हायेत. पोफळीच्या," तो म्हणाला. "प्लास्टरनं कातडी सोलायची. यानं एकदाबी नाय सोलली."

डॉक्टरबाईंनी सगळ्यांत लहान पट्टी उचलली. उलटीसुलटी करून पाहिली. मग नेहलच्या हाताला लांबीनं लावून पाहावी तशी हवेत धरली.

"यात कोपर कसं राहायचं?"

"सरळ. अगदी सरळ. जरा हलू नाय दिलं."

त्यांनी पट्टी हळूच खाली ठेवली. नेहलचा दंड एका हातानं धरला, दुसऱ्या हातानं कोपर वाकवायला गेल्या. थोडं वाकलं आणि थांबलं. पुन्हा केलं. तिथंच थांबलं. दुसरा हातही तसाच. कोपर सरळ काठीवर नुसती गाठ असावी तसं होतं.

"जन्मली तेव्हा कोपर वाकायचं का?"

रॉबर्टनं रोवेनाकडे पाहिलं. रोवेनाला न्हाणीतला तो दगड आठवला, कोमट पाणी, आणि पायांवर पालथी घातलेली मूठभर पोर. हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं होतं की रोज आंघोळीच्या वेळी कोपर दहा वेळा वाकवायचं. पहिल्यांदा जेमतेम हलायचं. महिन्याभरात बरंच वाकायला लागलं होतं, मूठ हनुवटीपर्यंत यायची. एक दिवस रॉबर्ट वाडीतून आला आणि त्यानं रोवेनाचा हात पकडला होता. "आदीच वाकडं हाय पोरीचं, आनि तू आनखी वाकवतेस?" तो ओरडला नव्हता. रडवेला झाला होता. दुसऱ्या दिवसापासून तिनं वाकवणं सोडलं होतं.

"आठवत नाय," रोवेना म्हणाली.

रॉबर्टला ते आठवत होतं. तिलाही आठवतंय हे त्याला कळलं, आणि तिनं ते आपल्यासाठी गिळलं हेही कळलं.

डॉक्टरबाईंनी कागद ओढून घेतला आणि त्यावर एक हात काढला. त्या सावकाश बोलत होत्या. "मनगट ऑपरेशननं सरळ करता येईल. एक हात आत्ता, दुसरा सहा महिन्यांनी. पण आपला हात तोंडाशी जातो तो कोपर वाकतं म्हणून. हिचं वाकत नाही. हिचा हात तोंडाशी जातो तो पंजा वळलेला आहे म्हणून. तो वळसा मी काढून टाकला, तर हात दिसेल छान आणि तोंडापर्यंत पोचणार नाही. एक हात चांगला असता तर मी वेगळा विचार केला असता. हिचे दोन्ही असे आहेत."

"पन सरळ तर दिसेल ना?"

"दिसेल. आणि ताटातला घास तोंडापर्यंत कोण नेणार?"

"आमी हाय ना."

"कधीपर्यंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

रॉबर्टनं पट्ट्या गोळा करायला सुरुवात केली. एक खाली पडली, ती नेहलनं उचलून दिली.

डॉक्टरबाईंना त्याची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "मी नाही म्हणत नाही. एक करून बघू. ऑपरेशननंतर हात जसा राहील तसा आठ दिवस बांधून ठेवते. दिवसभर, दोन्ही हात. मदत करायची नाही, तिचं तिला करू द्या. पुढच्या गुरुवारी या. मग तीच मला सांगेल."

संकेत नावाच्या तरुण थेरपिस्टनं गरम पाण्यात मऊ होणारं पांढरं प्लास्टिक नेहलच्या हातांवर चढवलं, मनगट सरळ धरून ते गार होऊ दिलं आणि तीन-तीन पट्टे लावले. बोटांची टोकं तेवढी मोकळी राहिली. नेहलनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"पप्पा, बघ," ती म्हणाली, "आर्यासारखे." आर्या तिच्या बाकावर बसायची.

घरी आल्यावर शेजारपाजार बघायला लोटला. आल्बिनानं नातीचे हात आपल्या गालांना लावले आणि रडली. शेजारची विनी शिवणकाम करायची, ती माप घ्यायला आली. ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या झग्यावर मुली जाळीचे हातमोजे घालतात, त्यांचा तिनं आजवर नेहलच्या बाबतीत विषयच काढला नव्हता. आता म्हणाली, "अंगठ्यात मी कापूस भरते. फोटोत कुनाला कळनार नाय." रॉबर्ट हसला. त्यानं मोबाइलवर नेहलचे फोटो काढले. समोरून, बाजूनं, हात जोडून.

आठवडा वाडीतल्या कामाचाच होता. विहिरीचं पाणी त्या वर्षी फेब्रुवारीतच मचूळ झालं होतं आणि केळीची पानं कडेनं करपायला लागली होती. रॉबर्ट सकाळी बावखलावर पंप लावायचा, पाटानं पाणी एकेका आळ्यात सोडायचा. लोंगर, म्हणजे घड, धरलेल्या केळी पुढं झुकल्या होत्या, त्यांना बांबूचे टेकू द्यायचे होते. दोन बांबूंची कैची करून मानेखाली सरकवायची आणि सोपटाच्या, म्हणजे केळीच्या वाळल्या सालीच्या, दोरीनं बांधायची. त्याचे हात हे काम आपोआप करत. मन मात्र सारखं घराकडे जायचं. नेहल शाळेतून येताना दिसली की तो आधी तिचे हात बघायचा. दोन्ही बाजूंना दोन सरळ हात. गल्लीतून येणाऱ्या इतर पोरींत ती आता वेगळी ओळखू येत नव्हती. हे त्याला आठ वर्षं हवं होतं.

रोवेना वेगळं बघत होती. सकाळी नेहलला संडासातून बाहेर यायला अर्धा अर्धा तास लागायचा. रोवेना दाराशी उभी राहून विचारायची, "येऊ का ग?" आतून यायचं, "नको." बाहेर आली की पोरीचे डोळे लाल असत. पाणी पिणं तिनं कमी केलं होतं. जेवणाच्या वेळी ती लांब दांड्याचा डाव दोन बोटांत धरून भात तोंडाकडे न्यायचा प्रयत्न करायची, अर्धा फ्रॉकवर सांडायचा. तिसऱ्या दिवसापासून ती म्हणायला लागली, "मी वाडीत बसून जेवते. पप्पाजवळ." ताट बाहेर जायचं आणि रिकामं परत यायचं.

"जमतंय की तिला," घरात रिकामं ताट बघून रॉबर्ट म्हणाला.

"तुझ्याजवळ बसते ना जेवायला?" रोवेनानं विचारलं.

"माज्याजवळ कुठं? मना वाटलं घरात जेवते."

मग रॉबर्टनं विषय बदलला. मंगळवार होता. गुरुवारला दोनच दिवस राहिले होते आणि त्याला ते दोन दिवस नीट जायला हवे होते.

बुधवारी दुपारी तो खालच्या अंगाला, बावखलाच्या काठच्या केळींना टेकू देत होता. दोरी कमी पडली म्हणून पोफळींच्या बाजूनं वर निघाला. केळीच्या दाट बेटामागे त्याला नेहलचा फ्रॉक दिसला. हाक मारणार होता, पण थांबला.

तिनं एक टोपली उपडी घातली होती आणि तिच्यावर ताट ठेवलं होतं. स्वतः गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हात पांढऱ्या प्लास्टिकमध्ये सरळ, मागच्या बाजूला नेलेले, ताटात लागू नयेत म्हणून. आणि तोंड ताटात. वासरू घमेल्यात तोंड घालतं तशी ती जेवत होती. भात नाकाला लागला होता, कालवण हनुवटीवरून गळत होतं. मध्येच ती थांबायची, खांद्यावर तोंड पुसायची आणि पुन्हा वाकायची. घाई करत होती. कुणी यायच्या आत संपवायचं होतं तिला.

वाळकं पान रॉबर्टच्या पायाखाली मोडलं. नेहलनं वर पाहिलं. तिचं तोंड भरलेलं होतं. तिनं ते कसंबसं गिळलं.

"पप्पा," ती म्हणाली, "डॉक्टरांना सांगू नको."

रॉबर्ट तिच्यासमोर खाली बसला. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, तिचं तोंड पुसलं, नाक पुसलं. मग पट्टे सोडायला लागला. दुपारच्या घामानं ते चिकटले होते.

"नको ना पप्पा. ते मग ऑपरेशन करणार नाहीत."

"नको करू दे."

"तुला आवडतात ना सरळ?"

सहावा पट्टा निघाला. प्लास्टिक बाजूला पडलं आणि दोन्ही पंजे हळूहळू आपल्या जागी वळून आले. नेहलनं काही वेळ त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मग भूक लागलेलीच होती. तिनं दोन बोटांत भात घेतला, खांदा वर केला, मान खाली आणली आणि घास तोंडात घातला. रॉबर्ट तिच्यासमोर मातीत बसून ढसाढसा रडला. तिनं जेवण थांबवलं नाही. दुपारभर उपाशी होती ती.

गुरुवारी तो डॉक्टरबाईंना म्हणाला, "नाय करायचं." त्यांनी का ते विचारलं नाही. त्यांनी अंगठ्याचंही तपासून पाहिलं. पहिलं बोट फिरवून त्याचा अंगठा करतात, पण तिचं पहिलं बोट ताठ होतं आणि ताठ अंगठ्याचा तिला त्रासच झाला असता. रात्रीपुरता मनगटाला आधार चालेल, म्हणाल्या, पण कोपराखालीच बांधायचा. आणि कोपराचा व्यायाम. रोज, हळूहळू, दुखेल तिथे थांबायचं. "फार आशा धरू नका. मिळालं तर थोडं मिळेल."

रॉबर्ट दारापर्यंत गेला आणि परत आला. "तेव्हा वाकवत राहिलो असतो तर? लहान होती तेव्हा?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काही मुलांचं मोकळं होतं, काहींचं कितीही केलं तरी होत नाही. हिचं झालं असतं का, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

रोवेनाला ते सांगता आलं असतं. ती नेहलची वेणी नीट करत राहिली.

घरी आल्यावर रॉबर्टनं ती कापडी पिशवी माळ्यावर टाकली. आठ दिवसांनी पाहिलं तर पिशवी तिथं नव्हती. आल्बिना न्हाणीच्या चुलीपुढं बसली होती आणि पाण्याला त्या दिवशी आच चांगली लागली होती.

मे महिन्यात, ख्रिस्तप्रसादाच्या आदल्या दिवशी, मुलांच्या आईबापांनी पापनिवेदनाला जायचं असतं. रॉबर्ट रांगेत शेवटी उभा राहिला. जाळीपलीकडच्या फादरना त्यानं आधी लहानसहान सांगितलं. पाण्यावरून भावकीतल्या माणसाला शिवी दिली. दोन रविवार मिस्सा चुकवली. मग पट्ट्यांचं सांगितलं. रोवेनाचा हात धरल्याचं सांगितलं.

फादर मायेनं म्हणाले, "तू हे मुलीच्या भल्यासाठी केलंस, रॉबर्ट. आठ वर्षं प्रेमानं केलंस. देवाच्या नजरेत हे पाप नाही. याची क्षमा मागायची गरज नाही."

"मग कोनाकडं मागू, फादर?"

फादरनी शेवटी त्याला शिवीची आणि मिस्सेची क्षमा दिली, आणि दहा वेळा नमो मारिया म्हणायला सांगितलं. बाहेर येऊन रॉबर्ट बाकावर बसला आणि दहाच्या जागी किती म्हटल्या ते त्याला कळलं नाही. बाकीची पापं धुतली गेली होती. हे मात्र पापच नव्हतं, म्हणून ते त्याच्याकडेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी नेहलनं हातमोजे घातले नाहीत. विनीनं अंगठ्यात कापूस भरून आणले होते, ते तिनं दोन बोटांत धरून पाहिले आणि परत पिशवीत ठेवले. सिस्टरना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की मी हातातच घेणार. तिची पाळी आली तेव्हा तिनं एक वळलेला पंजा दुसऱ्या वळलेल्या पंजावर ठेवला. फादर जरा खाली वाकले. "ख्रिस्ताचं शरीर." "आमेन." करंगळीनं आणि शेजारच्या बोटानं तिनं प्रसाद उचलला, खांदा वर केला, मान खाली आणली. मान त्या वेळी सगळ्याच मुलांनी खाली घातली होती. हात तोंडाशी गेला. मागच्या बाकावर कुणीतरी बाई हुंदका देऊन रडली, ते नेहलला आवडलं नाही. तिनं वळून त्या बाईकडे पाहिलं.

मुलांमागून आईबाप. रॉबर्टनं हात पुढे केले. प्रसाद त्याच्या तळहातावर आला. त्यानं उजव्या हातानं तो उचलला आणि तोंडाकडे नेला, आणि नेता नेता त्याचं लक्ष आपल्या कोपराकडे गेलं. कोपर वाकलं होतं. चाळीस वर्षं दिवसातून हजारदा ते वाकत आलं होतं आणि त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचा हात मध्येच थांबला. फादर वाट बघत होते, रांग थांबली होती. मागून रोवेनानं त्याच्या कोपराला हात लावला आणि हळूच वर ढकललं.

संध्याकाळी रोझरी झाली. नेहलनं पांढरा झगा उतरवून जुना फ्रॉक घातला होता. ती नेहमीसारखी रॉबर्टसमोर पाय पसरून बसली आणि हात पुढे केला. त्यानं दंड एका हातात धरला, दुसऱ्या हातानं कोपर वाकवलं. जाईल तिथपर्यंत नेलं, थांबला, परत आणलं. नेहल मोजत होती. रोवेना भांडी घासायची थांबली होती. आठव्याला पोरीनं ओठ दाबले, पण "पुढं कर" म्हणाली. दहा झाले.

"आज जास्त वाकलं का, पप्पा?"

"वाकलं," रॉबर्ट म्हणाला. "दुसरा दे."

कोपर होतं तिथंच होतं. तिनं दुसरा हात पुढे केला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.